धान्याचं पोतं पोचलं, पण मूल वाचलं का?



"भुकेने माणूस मेला" असं आपण सहज म्हणतो. पण मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने 'उपासमार' हे कारण लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? तिथे जुलाब, न्यूमोनिया, गोवर, मलेरिया असंच काहीतरी असतं. ते खोटंही नसतं. भुकेलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती आधी ढासळते आणि मग एरवी चार दिवसांत बरा होणारा आजार जीव घेऊन जातो. दुष्काळाच्या बातम्या वाचताना, मदतीचं आवाहन आल्यावर पैसे देताना किंवा "कशाला द्यायचे?" असं म्हणताना आपण डोळ्यांसमोर फक्त धान्याचं पोतं आणतो. म्हणूनच हा विषय या ब्लॉगवर घेतोय. तो राजकारणाचा आहेच, पण त्याच्या मधोमध एक आजारी शरीर आहे, आणि त्याबद्दल डॉक्टरने बोलायला हवं.

उदाहरण घेतो दक्षिण सुदानचं. ९ जुलै २०११ ला हा देश स्वतंत्र झाला. त्याआधी जानेवारीत सार्वमत झालं, त्यात जवळजवळ ९९ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं. महाराष्ट्राच्या साधारण दुप्पट क्षेत्रफळ, मधून वाहणारी नाईल नदी, तिच्या काठाने पसरलेली प्रचंड दलदल, जमिनीखाली तेल. आणि रस्ते? राजधानी जुबापासून युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेपर्यंतचा १९२ किलोमीटरचा डांबरी महामार्ग हा देशातला पहिला मोठा पक्का रस्ता. तो २०१२ मध्ये पूर्ण झाला, तोही अमेरिकेच्या पैशाने. बाकी ठिकाणी पावसाळा सुरू झाला की कित्येक महिने ट्रक जातच नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे आधीचे उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या भांडणातून यादवी पेटली. स्वातंत्र्याला अडीच वर्षंही झाली नव्हती. लंडनमधल्या एका संशोधन संस्थेने नंतर हिशोब मांडला. पुढच्या साधारण साडेचार वर्षांत, युद्ध नसतं तर झाले नसते असे अंदाजे ३ लाख ८३ हजार मृत्यू झाले. त्यातले निम्मे गोळी, भाला, मारहाण यांनी. उरलेले निम्मे, म्हणजे दोन लाखांच्या आसपास माणसं, घर सुटल्याने, दवाखाना बंद पडल्याने, खायला न मिळाल्याने गेली. या दुसऱ्या निम्म्यांबद्दलच मला लिहायचं आहे, कारण त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे होते.

दुष्काळ म्हणजे नक्की किती?

२० फेब्रुवारी २०१७ ला दक्षिण सुदानच्या युनिटी भागातल्या लीर आणि मायेनदित या दोन तालुकावजा प्रदेशांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. एक लाख माणसं त्याच्या तडाख्यात होती. हे जाहीर करणं कुणाच्या भावनेवर सोडलेलं नसतं. त्याचे आकडे ठरलेले आहेत. पाचपैकी किमान एका घरात अन्नाची टोकाची वानवा हवी, ३० टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित हवीत आणि दर दहा हजार माणसांमागे रोज दोनपेक्षा जास्त मृत्यू व्हायला हवेत. यातली शेवटची अट पुन्हा वाचा. 'दुष्काळ' हा शब्द अधिकृतपणे उच्चारला जातो तोवर माणसं मरायला लागून बरेच दिवस झालेले असतात. ताप १०५ झाल्यावरच पेशंटला हात लावायचा असा नियम एखाद्या दवाखान्याने केला तर तुम्ही काय म्हणाल? पण जगाचं लक्ष आणि पैसा साधारण याच टप्प्याला येतो.

लीरमध्ये लोक काय करत होते? गावं जाळली गेली, गुरं पळवली गेली, तेव्हा बायका-मुलं दलदलीतल्या बेटांवर जाऊन लपली. पाण्यातल्या कमळांचे कंद आणि मिळाले तर मासे, यावर दिवस काढले. आता तिथे डोळ्यांसमोर एक मूल आणा. आईचं दूध आटलंय. पिण्याचं पाणी तेच दलदलीचं. मच्छर आहेत, म्हणजे मलेरिया आहे. गोवराची लस नाही. अशा मुलाला ज्वारीचं पोतं देऊन काय होणार? ते रांधायला भांडं नाही, सरपण ओलं आहे, आणि दोन वर्षांच्या त्या पोटाला ती भाकरी पचणारही नाही.

मदत संस्थांनी तिथे जी पद्धत वापरली ती मला वैद्यकीय दृष्टीने शहाणपणाची वाटते. २०१४ पासून जागतिक अन्न कार्यक्रम आणि युनिसेफ यांची पथकं हेलिकॉप्टरने आधी उतरायची, माणसांची नोंदणी करायची, मोकळी जागा आखून घ्यायची आणि मग मोठं मालवाहू विमान वरून धान्याच्या गोणी टाकायचं. एकात एक घातलेल्या गोणी असतात, म्हणजे बाहेरची फाटली तरी आतली टिकते. याच थोड्या दिवसांत मुलांना गोवराची लस, अ जीवनसत्त्व, जंताची गोळी द्यायची, दंड मोजायचे, पाणी शुद्ध करायची सोय करायची. विमानाने धान्य टाकणं हे ट्रकपेक्षा कितीतरी पट महाग. म्हणूनच रस्ता हा माझ्या मते आरोग्याचाच विषय आहे, जसा मेळघाटात पावसाळ्यातला पूल हा बाळंतिणीच्या जिवाचा विषय असतो.

आता दंड मोजण्याबद्दल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा मधला घेर एका रंगीत पट्टीने मोजतात. साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा, साडेअकराच्या खाली गेला तर लाल. लाल म्हणजे त्या मुलाच्या जिवाला थेट धोका. ना काटा लागतो, ना वीज, ना डॉक्टर. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा शिकते. आपल्या अंगणवाडी सेविकेकडेही ही पट्टी असते, पुढच्या वेळी विचारून बघा.

भुकेल्याला पोटभर वाढू नका

हे वाचून तुम्हाला धक्का बसेल. आपल्याकडे भुकेल्याला पोटभर जेवू घालणं हे पुण्याचं काम. पण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातलं तर ते दगावू शकतं. का, ते सांगतो.

अन्न मिळेनासं झालं की शरीर काटकसरीला लागतं. आधी साठवलेली साखर, मग चरबी, मग स्नायू जाळून ते दिवस ढकलतं. हृदय हाही स्नायूच आहे, तोही झिजतो. अंगाचं तापमान उतरतं. पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम हे क्षार आतून संपत आलेले असतात, पण रक्त तपासलं तर कधीकधी ठीकठाक दिसतात. अशात एकदम भात, साखर, ग्लुकोज आत गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलेसुरले क्षार पेशींमध्ये खेचले जातात. मग हृदयाचे ठोके बिघडतात, अंगावर सूज येते, श्वास लागतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. १९४५ मध्ये जर्मनीतली बेर्गन-बेल्सन छळछावणी मोकळी झाली तेव्हा सैनिकांनी कळवळून आपल्याजवळचं डबाबंद मांस, साखर, चॉकलेट कैद्यांना वाटलं. कित्येकांना ते सोसलं नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं दूधपावडर आणि साखरेचं एक मिश्रणही तिथे नेण्यात आलं होतं, पण ते इतकं गोड होतं की अनेकांना घशाखाली उतरेना.

म्हणून अतिकुपोषित मुलाला पहिले काही दिवस मुद्दाम पातळ, कमी ताकदीचं दूध देतात. शंभर मिलिलीटरमध्ये फक्त ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. त्याला ऊब देतात. ताप नसला तरी अँटिबायोटिक देतात, कारण इतक्या अशक्त शरीराला ताप आणायचीही ताकद नसते. सलाईन तर अगदी जपून, कारण झिजलेलं हृदय ते पेलू शकत नाही. भूक परत आली, मूल स्वतःहून खायला मागू लागलं की मग आहार वाढवायचा.

जाता जाता तुमच्या घरासाठी एक सूचना. आजारपणात किंवा शोकात एखाद्या वृद्धाने आठ-दहा दिवस अन्न जवळजवळ टाकलं असेल, किंवा दारूच्या आहारी गेलेला माणूस बरेच दिवस जेवलेला नसेल, तर "ग्लुकोजची बाटली लावून द्या" असा हट्ट धरू नका. अशा रुग्णाला आधी ब-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, क्षार तपासावे लागतात आणि जेवण टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं.

पूर्वी अशा मुलांना महिनाभर उपचारकेंद्रात ठेवावं लागे. आई एका मुलाला घेऊन तिथे, बाकीची चार घरी. शिवाय गर्दीच्या केंद्रात गोवर-जुलाबाची साथ आली की वाचलेली मुलंही जात. १९९६ च्या सुमारास फ्रान्सचे डॉक्टर आंद्रे ब्रियाँ आणि अन्न-अभियंता मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याचा लगदा, दूधपावडर, साखर, तेल, क्षार आणि जीवनसत्त्वं यांचं एक पाकीट तयार केलं. एका पाकिटात ५०० कॅलरी. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, त्यात पाण्याचा अंश नगण्य असल्याने जंतू वाढत नाहीत. ज्या मुलाला भूक आहे आणि दुसरा आजार नाही, त्याने ते घरीच चाटायचं. साधारण दीडशे पाकिटांचा एक खोका, सहा ते आठ आठवडे, आणि बहुतेक मुलं लाल पट्टीतून बाहेर येतात. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या घरगुती उपचाराला मान्यता दिली. आपल्याकडे या पाकिटांवरून बरेच वाद झाले आणि त्यातला स्थानिक आहाराचा आग्रह मला पटतो. जिथे गाव शाबूत आहे, चूल पेटते आहे, अंगणवाडी आहे, तिथे शेंगदाणा-गूळ-डाळीचा आहार आणि नीट देखरेख हवी. पण बेंतियूच्या छावणीत, जिथे २०१४ च्या पावसाळ्यात लोक गुडघाभर घाण पाण्यात लेकरांना हातांत धरून उभ्याउभ्या रात्र काढत होते, तिथे "घरचं ताजं अन्न द्या" हा उपदेश कुणी करू नये.

या रोगाच्या नावातच विस्थापन आहे, हेही सांगून ठेवतो. अंगावर सूज येणाऱ्या कुपोषणाला आम्ही 'क्वाशिओरकोर' म्हणतो. १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी तिथल्या गा भाषेतला हा शब्द वैद्यकशास्त्रात आणला. पाठचं भावंड आल्यावर आईच्या अंगावरून दूर केलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा भावार्थ.

बनगावची फरशी

याआधीचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. तेव्हाची पाच पैशांची निर्वासित मदतीची टपाल तिकिटं माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी घरातल्या जुन्या पाकिटांवर पाहिली असतील. छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर रुग्ण अक्षरशः फरशीवर, स्वतःच्याच उलटी-जुलाबात पडलेले होते आणि सलाईन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा योग्य प्रमाणात मिसळून पाकिटं करवून घेतली, ते पाणी पिंपांमध्ये भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज औषधांच्या दुकानात मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच घराण्यातलं. तोंडाने पाणी देण्याचं शास्त्र प्रयोगशाळेत आणि लहान चाचण्यांमध्ये आधी सिद्ध झालं होतं. पण डॉक्टर-नर्सच्या हातून काढून ते आई-भावाच्या हातात देता येतं, हे बनगावने दाखवलं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७२ मध्ये, परतणाऱ्या निर्वासितांसाठी, फझले हसन आबेद यांनी सिल्हेट भागात ब्रॅक ही संस्था सुरू केली. १९८० च्या दशकात या संस्थेच्या बायका बांगलादेशात घरोघर गेल्या आणि एक कोटीहून जास्त घरांत आयांना शिकवलं की तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. पाकीटही नको. बाहेरून आलेली मदत अशी देशाच्या स्वतःच्या हातात गेली.

आणि त्याच बांगलादेशात १९७४ मध्ये दुष्काळ पडला. पूर आले, हातांना काम राहिलं नाही, तांदळाचे भाव भडकले. अमर्त्य सेन यांनी नंतर दाखवून दिलं की त्या वर्षी देशात माणशी उपलब्ध धान्य आसपासच्या वर्षांपेक्षा कमी नव्हतं. मजुरांकडे ते विकत घ्यायला पैसे नव्हते. अशा वेळी अमेरिकेने अन्नमदत अडवून धरली, कारण बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली होती! अवघ्या तीन वर्षांच्या देशाला ही शिक्षा.

तुमचे तीन आक्षेप

या विषयावर दवाखान्यात बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, आपल्या मेळघाटात, नंदुरबारला मुलं कुपोषित आहेत, आफ्रिकेचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, मेळघाटासाठी तुम्ही या वर्षी काय केलंत? बहुतेक वेळा उत्तर नसतं. आणि दुसरं असं, की नवस्वतंत्र देश म्हणून आपणही हात पसरलेले आहेत. साठच्या दशकात अमेरिकेतून जहाजाने आलेला गहू आपण खाल्ला. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसं आज सत्तरीत आहेत, त्यांना विचारा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचंच पुढे उल्हासनगर झालं.

बाहत्तरच्या दुष्काळात महाराष्ट्र तगला तो मुख्यतः दुष्काळी कामांमुळे. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं खडी फोडत, बंधारे बांधत होती आणि त्यांच्या हातात मजुरी पडत होती. हजेरीपट मांडायला माणूस होता, तलाठी होता, तहसीलदार होता, रेशनचं दुकान होतं, आणि कमी पडलं तर सरकारला धारेवर धरणारी वर्तमानपत्रं आणि मोर्चे होते. दक्षिण सुदानला तलाठीच मिळाला नाही. देश मिळाला, झेंडा मिळाला, सरकारी उत्पन्न जवळजवळ सगळं तेलाचं. तेही पाइपलाइनच्या भाड्यावरून सुदानशी भांडण झाल्यावर २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच बंद केलं.

दुसरा आक्षेप, "मदत चोरीला जाते." जाते. जुलै २०१६ मध्ये जुबातलं जागतिक अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं गेलं. साडेचार हजार टन धान्य, सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचं महिनाभराचं अन्न. २०१७ मध्ये, दुष्काळ जाहीर असताना, तिथल्या सरकारने परदेशी मदत कर्मचाऱ्यांच्या परवान्याची फी दहा हजार डॉलर करायचं ठरवलं, पुढे ओरड झाल्यावर ते थांबवलं. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अहवालात, तिथे उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरलं गेलं, असं नमूद आहे. पण यातून "म्हणून देऊ नका" हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कळत नाही. औषधाच्या दुकानात चोरी झाली म्हणून आपण रुग्णाचं औषध बंद करत नाही, कुलूप बदलतो. लीर-मायेनदितमधला दुष्काळ चार महिन्यांत, जून २०१७ मध्ये, मागे हटला, तो मदत पोचल्यामुळेच. ती पोचवणारे बहुसंख्य लोक दक्षिण सुदानीच आहेत आणि त्या कामात शंभराहून अधिक जणांचा जीव गेला आहे. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवानही आहेत. २०१३ च्या एप्रिलमध्ये जोंगलेई प्रांतात पाच भारतीय सैनिक हल्ल्यात मारले गेले, आणि त्याच डिसेंबरात अकोबोच्या तळावर आश्रयाला आलेल्या लोकांसोबत आणखी दोन. आपल्याकडे ही बातमी दोन दिवसांत विरली.

तिसरा आक्षेप सवयीचा, म्हणजे फुकट खायची सवय लागते हा. यात थोडं तथ्य आहे, पण दोष उपाशी माणसाचा नाही. जिथे बाजार चालू आहे तिथे धान्याऐवजी रोख पैसे दिले तर स्थानिक शेतकऱ्याचं धान्य खपतं. युगांडाने आलेल्या दक्षिण सुदानी निर्वासितांना कुंपणात कोंडलं नाही, जमिनीचा तुकडा आणि काम करायची मुभा दिली. बिडीबिडीच्या वस्तीत दोन लाखांहून जास्त माणसं अशी राहतात. सवय लागू नये असं वाटत असेल तर हा रस्ता आहे. रेशन तोडणं हा नाही. आणि सध्या तोडणंच चाललंय. २०२३ पासून सुदानमधल्या युद्धामुळे दहा लाखांहून अधिक माणसं पुन्हा सीमा ओलांडून दक्षिण सुदानमध्ये आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉलराची साथ जाहीर झाली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत संस्थाच मोडीत काढली. इथे सर्वात मोठा दाता तोच देश होता. साथ भर जोरात असताना दवाखाना बंद करण्यासारखं हे आहे, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

तुम्हाला द्यायचंच असेल, दूरच्या देशासाठी किंवा उद्या आपल्याच जिल्ह्यात पूर आला तर, तर पैसे द्या. संस्थेला दोन गोष्टी विचारा: अन्नाबरोबर पाणी आणि लसीकरणाची सोय तुम्ही करता का, आणि स्थानिक माणसं किती आहेत. दूधपावडरचे डबे आणि बाटल्या पाठवू नका. घाण पाण्यात कालवलेली पावडर तान्ह्या बाळाला जुलाबाकडे नेते आणि आईचं दूध आटवते, त्यापेक्षा त्या आईला जेवण मिळू दे. आणि कपाटात उरलेल्या अर्ध्या पट्ट्या, मुदत संपत आलेली सिरपं "गरिबांना द्या" म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवू नका. मी ती घेत नाही, आणि कुठलीही चांगली संस्था घेत नाही.